आत्याचा पाव सेकंद

आत्याचा आवाज गेला, आणि त्या आवाजाचा जगात उरलेला एकमेव तुकडा माझ्याकडे आहे. तो पाव सेकंदाचा आहे. त्यात ती 'पण' म्हणते. पुढचं मी कापलं होतं.

आता हे मी बोललोच नाही असं समजा. आत्या ठणठणीत आहे, वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्यातून मला हाका मारते आहे.

आमच्या धंद्यात असंच करतात. आम्ही विज्ञानाचे दीड दीड मिनिटाचे व्हिडिओ बनवतो. पहिल्या तीन सेकंदांत शेवट दाखवून टाकायचा. सोललेलं अंडं बाटलीत शिरलं, लोखंडी सुई पाण्यावर तरंगली, असं काहीतरी. नाहीतर प्रेक्षकाचा अंगठा वर सरकतो आणि आपण त्याच्या आयुष्यातून कायमचे उठतो. मग चौथ्या सेकंदाला, जणू काही झालंच नाही असा चेहरा करून सुरुवात करायची: एक बाटली घ्या.

तर, एक आत्या घ्या.

वय बासष्ट. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होती. म्हणजे शिकवणारे शिकवायचे आणि ही मागे उभी राहून परीक्षानळ्या धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायची आणि शिक्षकांचा प्रयोग फसायला लागला की त्यांच्या कोपराखालून बरोबर बाटली हळूच पुढे सरकवायची. या एकतीस वर्षांत 'तुम्हाला काय वाटतं?' असं तिला कोणी विचारलं नाही. आवाज मात्र असा खणखणीत, की ती वर दूधवाल्याशी बोलली तरी खाली मी दचकून उठायचो.

मी खालच्या मजल्यावर राहतो. आमच्या दोघांत एक जिना आणि चौतीस वर्षं, एवढंच अंतर. मी लहान असताना आई-बाबा कामावर गेले की मला हिच्याकडे ठेवायचे, आणि नंतर ते दुसऱ्या गावी गेले तेव्हा मला घेऊन जायचं राहून गेलं, असं आत्या सांगते. आत्या लग्नाच्या भानगडीत पडली नाही. "भांडी धुवायचीच होती तर ती प्रयोगशाळेतली काय वाईट," म्हणायची.

आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत आहे. एका खोलीत काळं कापड घातलेलं टेबल, दोन दिवे आणि वरून खाली तोंड करून लटकवलेला फोन. दुसऱ्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि आमचे साहेब. साहेबांच्या कार्डावर 'मुख्य कुतूहल अधिकारी' असं छापलंय. चार वर्षांत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "झालं का?"

पहिले आठ व्हिडिओ माझ्या हातांनी झाले. नवव्यात मी फुग्यावर टाचणी ठेवताना साहेब म्हणाले, "तुझे हात बघून लोकांना वाटेल भूकंपाचा व्हिडिओ आहे." दुसऱ्या दिवशी मी आत्याला घेऊन आलो.

तिचे हात बघण्यासारखे. नखं कापलेली, बोटांची पेरं जाड, डाव्या अंगठ्यावर आम्लाचा जुना पांढरा डाग. ती एका नळीतून दुसरीत पाणी ओतायची तेव्हा मधली धार काचेची असल्यासारखी दिसायची. व्हिडिओखाली लोक लिहायला लागले, 'हे हात कोणाचे?' आमच्या गल्लीतला किराणावाला तिला तोंड बघून कधीच ओळखायचा नाही. तिने पिशवीसाठी हात पुढे केला की म्हणायचा, "अरे, तुम्ही होय!"

हात तिचे, आवाज माझा. आवाज मी नंतर वेगळा भरायचो, छातीतून ओढूनताणून आणलेल्या उत्साहाने: "आणि बघा काय झालं!"

पण फोन चित्रासोबत खोलीतला आवाजही पकडायचाच, आणि तिथेच सगळी गडबड होती. कारण प्रयोग संपला की आत्या हात टेबलावर पालथे ठेवायची आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणायची, "पण मग..."

सोड्याच्या पाण्यात मनुका वर-खाली नाचवल्या. मी म्हणालो, "झालं, कट." आत्या म्हणाली, "पण मग वर जाऊन ती परत खाली का येते? वर तिला कोणी 'बस' म्हणत नाही का?"

बर्फ तरंगवला. "पण मग जगातला बर्फ बुडणारा असता, तर तळ्यातल्या माशांनी जायचं कुठे?"

बी आडवं लावलं, उलटं लावलं, मूळ वळून खालीच गेलं. "पण मग तिथे अंधारात त्याला खाली म्हणजे कुठे हे कळतं कसं? मला तर उठल्यावर चप्पल सापडत नाही."

मला हे आवडायचं. मी साहेबांना म्हणालोसुद्धा, की हे शेवटी ठेवूया. साहेबांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'कुतूहल जागवा' लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "हे बघ, प्रेक्षक उत्तर घेऊन गेला पाहिजे. प्रश्न घेऊन गेला तर तो उत्तर शोधायला जाणार. कुठे जाणार? दुसऱ्याच्या चॅनलवर. आपण जागवायचं आणि त्याने चहा पाजायचा, असं कसं चालेल?"

मी कापलं.

पहिल्या वेळी वाईट वाटलं. दहाव्या वेळी मी त्याला नाव दिलं: शेपूट. "शेपूट कापलं का?" "कापलं." पन्नासाव्या वेळी तर माझा हात तिच्या 'प'वरच पडायचा. आणि कापलेली शेपटं साठून कॉम्प्युटर कुंथायला लागला, तेव्हा मी साहेबांना एक लेखी सूचना दिली: कापलेले सर्व तुकडे दर शनिवारी कायमचे पुसून टाकावेत. सूचना मंजूर झाली. तिला 'नियम सात' असं नाव मिळालं आणि मला एक फिरती खुर्ची. मी त्या खुर्चीत बसून दर शनिवारी साडेपाच वाजता झाडलोट करायचो. आनंदाने. मध्ये एक गिरकीसुद्धा मारायचो.

आता आत्याला हे माहीत नव्हतं. तिचा फोन बटणांचा. तिची पक्की समजूत होती, की व्हिडिओच्या शेवटी तिचा प्रश्न असतो, कारण पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "ते माझं शेवटचं बोलणं ठेवता ना रे, दीडमिन्या?" दीडमिन्या म्हणजे मी. आणि मी "हो" म्हणालो होतो. एका अक्षराचं खोटं. एवढं लहान खोटं मला मोजण्यासारखं वाटलं नव्हतं.

पण खोट्याला खायला घालावं लागतं. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "मग? मुलं काय उत्तरं देतात?"

मी म्हणालो, "एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. ती म्हणते, मनुकेला बुडबुडे वर नेतात आणि वर गेल्यावर बुडबुडे फुटतात, म्हणून ती पडते."

"अगं बाई! नऊ वर्षांची?" आत्या टेबलाशी उभी होती ती खालीच बसली. "नाव काय?"

"खरं नाव लिहीत नाहीत तिथे. गोगलगाय सात."

"सात का?"

"आधीच्या सहा जणींनी घेतली असतील नावं."

तपशिलाच्या बाबतीत मी कसर ठेवत नाही. आत्या खूश होऊन म्हणाली, "गोगलगाय अन् पोटात पाय! दिसायला साधी असेल, पण डोकं बघ." पोटातले पाय माझे होते.

मग दर आठवड्याला, प्रयोग झाला की, "गोगलगाय काय म्हणाली?" मी घरी जाऊन पुस्तकं चाळायचो, उत्तर शोधायचो, त्यात नऊ वर्षांच्या मुलीला शोभेल अशी एक चूक घालायचो आणि आणून द्यायचो. एवढा अभ्यास मी शाळेत केला असता तर आज कुठेतरी असतो. आत्या ती उत्तरं एका वहीत उतरवायची, चुकीखाली रेघ मारायची आणि समासात लिहायची, 'विचार चांगला. पुन्हा बघ.' तिने एका बरणीत माती आणि पालापाचोळा घालून खरी गोगलगायही पाळली. "तिच्या नावाने," म्हणाली. बरणीवर चिठ्ठी डकवली: आठ.

मग मेणबत्तीचा व्हिडिओ आला.

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. मी काय आवाज भरणार ते ठरलेलं होतं: "ग्लासातला ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली!" संगीत, संपलं.

आत्याने हात पालथे ठेवले. "पण मग पाणी मेणबत्ती विझल्यावरच का चढतं?"

"म्हणजे?"

"अरे, जळताना संपतोय ना ऑक्सिजन? मग जळतानाच चढायला हवं, थोडं थोडं. हे तर विझेपर्यंत ढिम्म बसून आहे. विझली की धावत सुटतं. पाहुणे निघून गेल्यावर पानं मांडल्यासारखं."

मी ते शेपूट कापलं. व्हिडिओ एक्केचाळीस लाख लोकांनी पाहिला. आमचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ तो. साहेबांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना, म्हणजे मला, एक पेन दिलं.

"गोगलगाय काय म्हणाली?"

मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. पुस्तकांत माझंच उत्तर छापलेलं होतं. मी म्हणालो, "तिची परीक्षा आहे."

पुढच्या आठवड्यातही परीक्षा होती. त्याच्या पुढच्याही. आत्या म्हणाली, "कसली परीक्षा आहे रे ही, चार महिने? पोरगी न्यायाधीश होते आहे का?"

पाचव्या महिन्यात आत्याने वाट बघणं सोडलं आणि स्वतःच करून बघितलं. एका सकाळी ऑफिसात आली, म्हणाली, "दिवे लाव. आज मी बोलणार." तिने मेणबत्ती आणलीच नव्हती. एक रिकामा ग्लास कढत पाण्याने विसळला, पाणी ओतून टाकलं आणि ग्लास ताटलीतल्या रंगीत पाण्यात पालथा घातला. आम्ही बघत राहिलो. काही वेळाने पाणी आपोआप वर चढायला लागलं. मेणबत्तीशिवाय.

"बघ, गोगलगाय," आत्या फोनकडे तोंड वर करून म्हणाली, कारण फोन छताला होता. "हवा तापली की पसरते आणि ग्लासाखालून थोडी पळून जाते. उरलेली निवली की आक्रसते. मग बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्ती फक्त शेगडीचं काम करत होती. ऑक्सिजनचा थोडाफार हात असेल, पण आम्ही सगळा हार त्याच्याच गळ्यात घातला. आमचं चुकलं. तू परीक्षा झाली की करून बघ. हात भाजू नकोस."

एक मिनिट वीस सेकंद. एकदाही अडखळली नाही. एकतीस वर्षं मागे उभी राहिलेली बाई पुढे आली होती, आणि तिला दीड मिनिटसुद्धा पुरून उरलं.

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, मेणबत्तीच्या व्हिडिओत चूक आहे."

"किती लोकांनी पाहिला?"

"एक्केचाळीस लाख."

"आणि तू एकटा त्यांना चूक ठरवणार?"

"मी नाही. आत्या."

"मग दोघं," साहेब म्हणाले. "झालं का?"

झालं. तो वार गुरुवार होता. शनिवारी साडेपाचला मी झाडलोट केली. तो तुकडा वेगळा ठेवायला मला तीन सेकंद लागले असते. मी ठेवला नाही, कारण नियम सात माझा होता, आणि स्वतःच्याच नियमाला पहिला अपवाद आपणच करायचा म्हणजे कसं दिसतं. गिरकी मारली की नाही ते आठवत नाही. मारली असणार.

सोमवारी आत्याने विचारलं, "लावला?"

"लावला."

"गोगलगाय?"

"तिने ग्लास गरम करून बघितला. चढलं म्हणाली."

आत्या ग्लास पुसत होती. पुसायची थांबली. "स्वतः करून बघितलं?"

"हो."

"एकतीस वर्षांत एकीनेही करून बघितलं नव्हतं रे," ती म्हणाली. "सगळ्या वहीत उतरवून घ्यायच्या." आणि तोच कोरडा ग्लास तिने आणखी बराच वेळ पुसला.

त्यानंतर वर्षभराने तिचा घसा बसला. आधी आम्ही दोघांनी त्यावर विनोद केले. मी म्हणायचो, "आत्या, तुझ्या आवाजाला गंज चढला." ती म्हणायची, "वापरात नाही ना, म्हणून." दोन महिने झाले तरी गंज उतरला नाही, तेव्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. नंतर गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्याने बोलता येतं, पण तो आवाज यंत्राचा.

"मग ऑपरेशनला अकरा दिवस आहेत," डॉक्टर आत्याला म्हणाले. "काय बोलायचं ते बोलून घ्या."

रिक्षात आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, चार वर्षांचं सगळं तुमच्याकडे आहे. दीडमिन्या, ते माझे सगळे प्रश्न एकापुढे एक जोडून दे. पडल्या पडल्या ऐकेन. आणि मेणबत्तीचं पहिलं लाव. ते मला जमलं होतं."

मी म्हणालो, "हो." पुन्हा तेच एक अक्षर.

आता नीट बघा, कारण हा या गोष्टीतला खरा प्रयोग आहे. माझ्याकडे अकरा दिवस होते. आत्या जिवंत होती, वर होती, आवाज पत्र्यावर सॅंडपेपर घासल्यासारखा झाला होता, पण तो तिचाच होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: आत्या, मी सगळं पुसलं, आता पुन्हा बोल. दोन शिव्या खायच्या आणि फोनचं लाल बटण दाबायचं.

त्याऐवजी मी त्यातले दहा दिवस जुना आवाज शोधत बसलो.

फोन उलटापालटा केला. कॉम्प्युटर उघडून डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दोन दिवस ठेवली आणि म्हणाला, "साहेब, लोकांकडून चुकून पुसलं जातं ते मी काढून देतो. इथे पुसून त्यावर दर आठवड्याला नवीन भरलंय. इतकं नीट पुसलेलं मी आजवर पाहिलं नाही. कोणी केलं?"

"एका शिस्तीच्या माणसाने," मी म्हणालो.

मग प्रसिद्ध झालेले दोनशे बारा व्हिडिओ घरी बसून एकेक करून, कानाला हेडफोन लावून, शेवटचा सेकंद पुन्हा पुन्हा ऐकायचं ठरवलं. कुठेतरी माझा हात चुकला असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या निष्काळजीपणावर भरवसा ठेवून होतो, आणि मी निघालो भलताच काटेकोर.

या दहाही दिवसांत आत्या रोज संध्याकाळी जिना उतरून खाली यायची आणि माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसायची. तिला बोलायचं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"अरे, तुला सांगितलंय का, हा अंगठ्यावरचा डाग कसा पडला?"

"आत्या, पाच मिनिटं. कानात आवाज आहे."

"कोणाचा?"

"तुझाच. तुझंच काम चाललंय."

ती ओठांवर बोट ठेवायची, डोळे मोठे करायची, शाळेत मुलींना गप्प करताना करायची तसे. आणि गप्प बसून राहायची, तासभर. मध्येच वाकून पडद्यावर स्वतःचे हात बघायची. एकदा म्हणाली, "बाई, केवढी म्हातारी दिसते मी मनगटापासून." मी हेडफोनची एक बाजू वर करून "काय?" म्हणालो. "काही नाही, चालू दे."

फोन टेबलावर होता. एकोणनव्वद टक्के चार्ज होता. मला आकडा आठवतो, कारण मी त्याच्याकडे बघितलं होतं.

दहाव्या दिवशी एकशे त्रेसष्ट नंबरच्या व्हिडिओत, मुळं खालीच का जातात त्याच्या अगदी शेवटी, संगीत विरताना, ते सापडलं. 'पण'. पाव सेकंद. माझा हात चुकला होता. मी खुर्चीतून उठून नाचलो. आत्या स्टुलावरून टाळ्या वाजवत म्हणाली, "निघालं का सगळं?"

"निघालं."

"मेणबत्तीचंही?"

"हो, आत्या."

"गुणाचं लेकरू," ती म्हणाली. तिने माझ्याशी आवाजात बोललेले हे शेवटचे दोन शब्द. अकराव्या दिवशी मी कामाचं नाटक करायला ऑफिसात गेलो आणि ती झोपेपर्यंत परतलो नाही. बाराव्या दिवशी सकाळी तिला आत नेलं.

पाच दिवसांनी ती उशीला टेकून बसायला लागली. गळ्याला पट्टी, मांडीवर एक छोटा पांढरा फळा आणि मार्कर. अक्षर तेच, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं. मला बघून तिने लिहिलं: 'लाव.'

मी फोन तिच्या कानाशी धरला.

'पण.'

ती वाट बघत राहिली. मग लिहिलं: 'पुढे?'

"पुढे नाही."

मी सगळं सांगितलं. शेपूट, नियम सात, खुर्ची, शनिवार. दीड मिनिट लागलं. सवय.

ती फळ्याकडे बघत होती. लिहिलं: 'सगळे?'

"सगळे."

'मेणबत्ती?'

"तीही."

तिने बोटाने अक्षरं पुसली. राग आला असेल तर दिसला नाही. मला वाटलं, संपलं, यापेक्षा वाईट काही विचारण्यासारखं उरलं नाही. तेवढ्यात तिने लिहिलं: 'गोगलगाय?'

मी खाली बघितलं. तिने मार्करच्या टोकाने फळ्यावर टकटक केलं. मोठ्याने विचारण्याची ती नवी पद्धत होती.

"मीच, आत्या."

मग तिने सावकाश एक ओळ लिहिली आणि फळा माझ्याकडे वळवला. त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं. 'तिने ग्लास गरम केला होता.'

"नाही," मी म्हणालो. "कोणीच नाही केला."

आवाज गेला तेव्हा आत्या रडली नव्हती. नर्सबाई सांगत होत्या, की अशी धीराची बाई बघितली नाही. आता तिने मार्करला टोपण लावलं, ते नीट बसलंय का बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती घरी येऊन सहा आठवडे झाले. आत्या माझ्याशी बोलत नाही. यात रागाचा भाग किती आणि ऑपरेशनचा किती, हे वेगळं काढण्याची सोय नाही. जेवण मी वर नेऊन ठेवतो, ताट धुतलेलं खाली येतं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या दाराशी गोगलगायीची बरणी होती. रिकामी, धुतलेली, कोरडी, पालथी घातलेली. चिठ्ठी खरवडून काढलेली.

त्याच दिवशी मी मेणबत्तीचा व्हिडिओ पुन्हा केला. माझ्या हातांनी, भूकंपासकट. कढत पाण्याचा ग्लास, आत्याचंच स्पष्टीकरण, आणि शेवटी तिचा 'पण'. साहेबांनी त्याचे शेवटचे अडीच सेकंद पाहिले आणि म्हणाले, "शेपूट राहिलंय. आणि हे सगळं कशासाठी? तुला काही परत हवं असेल तर रीतसर अर्ज कर. नियम आहे ना?"

आहे. नियम आठ. तोही माझाच. पुसलेला मजकूर परत हवा असल्यास साठवण व झाडलोट विभागाकडे लेखी अर्ज करावा. त्या विभागात एकच माणूस आहे आणि तो फिरत्या खुर्चीत बसतो. पण काम रीतसर झालेलं बरं, म्हणून अर्ज केला आहे. तो असा:

प्रति,
प्रमुख, साठवण व झाडलोट विभाग.

विषय: पुसलेले तुकडे परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराने चार वर्षांच्या कालावधीत दर शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता पुसलेल्या तुकड्यांपैकी एक मिनिट वीस सेकंदांचा एक तुकडा, ज्यामध्ये एक बाई छताकडे तोंड करून बोलत आहेत, तो मूळ आवाजासह परत देण्यात यावा.

सदर तुकडा देणे शक्य नसल्यास, ऑपरेशनपूर्वीचे अकरा दिवस अर्जदारास पुन्हा देण्यात यावेत. अकरा मंजूर होत नसल्यास एक संध्याकाळ द्यावी. त्या संध्याकाळी अर्जदार कानाला काहीही लावणार नाही, याची हमी सोबत जोडली आहे. अंगठ्यावरील डाग कसा पडला, एवढीच माहिती त्यात घेण्यात येईल.

तेही नियमात बसत नसल्यास, 'गोगलगाय सात' या नावाची एक मुलगी पूर्वलक्षी प्रभावाने जन्मास घालण्यात यावी. तिचे वय नऊ असावे, तिची परीक्षा संपलेली असावी, आणि तिने एका सकाळी, कोणीही न सांगता, काचेचा ग्लास कढत पाण्याने विसळून ताटलीत पालथा घालावा व पाणी वर चढेपर्यंत तिथेच बसून राहावे. मग जिना चढून वर जावे आणि अर्जदाराच्या आत्यास तसे समक्ष कळवावे.

कळावे. तसदीबद्दल क्षमस्व.